अर्दित बरा होतो, श्रेय कोणाचे?

सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून गळते. आरशात पाहावे तर तोंड एका बाजूला ओढलेले, दुसऱ्या बाजूचा डोळा मिटता मिटत नाही, कपाळावरच्या आठ्या निम्म्याच उमटतात. घरात कोणी म्हणते लकवा मारला, कोणी म्हणते एसटीच्या खिडकीतून वारे लागले. दुपारपर्यंत सल्ले येऊ लागतात. अमक्या गावात एक जण झाडपाल्याचे औषध देतो. तमक्या वैद्यांच्या नस्याने पुतण्याचे तोंड पंधरा दिवसांत सरळ झाले. कोणी कबुतराचे रक्त चोळायला सांगते, कोणी फुगे फुगवायला. या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट समान असते. सांगणाऱ्याने कोणीतरी बरे झालेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. तो खोटे बोलत नसतो. खरी अडचण तिथेच आहे.

चेहऱ्याच्या लकव्याचा सर्वांत नेहमी आढळणारा प्रकार म्हणजे बेल्स पाल्सी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चेहऱ्याच्या मज्जातंतूंचा अभ्यास करणाऱ्या चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदाचे नाव त्याला मिळाले. वर्षाला दर लाख लोकांमागे साधारण १५ ते ३० जणांना तो होतो. मधुमेहींना आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत असलेल्या स्त्रियांना त्याचा धोका जास्त. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी सातवी जोडी चेहऱ्याचे स्नायू हलवते. चेहऱ्यावर येण्याआधी हा तंतू कानाजवळच्या हाडातल्या एका वळणावळणाच्या बोगद्यातून जातो. बोगद्याची सर्वांत अरुंद जागा एक मिलिमीटरपेक्षाही कमी रुंद आहे. तंतूला सूज आली तर हाड सरकून जागा देत नाही आणि तंतू स्वतःच्याच सुजेने दाबला जातो. याच तंतूबरोबर जिभेच्या पुढच्या भागाची चव आणि अश्रुग्रंथीला जाणारे धागेही असतात. कानातला एक चिमुकला स्नायूही त्याच्याच ताब्यात असतो. म्हणून काही रुग्णांना जेवण बेचव लागते, काहींना भांड्याचा आवाजही सहन होत नाही, काहींचा डोळा कोरडा पडतो. सूज कशामुळे येते याबाबत सर्वाधिक संशय हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूवर आहे. १९९६ मध्ये जपानी संशोधकांना काही रुग्णांच्या या तंतूतील द्रवात त्या विषाणूचे अंश सापडले होते.

आता या आजाराची सर्वांत महत्त्वाची गोष्ट. डेन्मार्कमधल्या कोपनहेगन येथे एरिक पायटरसन या कान-नाक-घसा तज्ज्ञाने २५ वर्षे चेहऱ्याच्या लकव्याचे रुग्ण तपासले आणि २००२ मध्ये त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी १७०१ रुग्णांना बेल्स पाल्सी होती. त्यांना लकव्यावर कोणतेही औषध दिलेले नव्हते. फक्त नियमित तपासणी आणि नोंद. त्यांतले ७१ टक्के पूर्ण बरे झाले. ८५ टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांच्या आत हालचाल परतू लागली. ज्यांचा लकवा सुरुवातीपासून अर्धवट होता, म्हणजे थोडी तरी हालचाल शिल्लक होती, त्यांतले ९४ टक्के पूर्ववत झाले. उरलेल्यांपैकी काहींच्या चेहऱ्यावर मात्र कमी-अधिक वाकडेपणा कायमचा राहिला.

हे आकडे समोर ठेवून पुतण्याची गोष्ट पुन्हा ऐकावी. कोणत्याही उपचारकाकडे शंभर रुग्ण गेले तर सत्तर पूर्ण बरे होणारच. मग तो नस्य देवो, पाला देवो की नुसता अंगारा लावो. त्यात रुग्ण बहुधा आठ-दहा दिवस घरगुती उपाय करून थकल्यावर प्रसिद्ध औषधाकडे वळतो, म्हणजे नेमका त्या सुमारास जेव्हा तंतू आपोआप जागा होऊ लागतो. औषध आणि सुधारणा एकामागोमाग येतात आणि मनात त्यांची गाठ पक्की बसते. ज्यांना गुण आला नाही ते पुन्हा येत नाहीत. त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. जो आजार बहुतेकांच्या बाबतीत स्वतःहून जातो, त्यात प्रत्येक औषध गुणकारी ठरते. म्हणून चेहऱ्याच्या लकव्याइतकी ‘अनुभवाची’ किंमत कमी असलेला आजार शोधूनही सापडणार नाही. हा नियम आयुर्वेदापुरता नाही. विजेचे शेक देणारे आणि बी-१२ ची इंजेक्शने लिहून देणारे आधुनिक डॉक्टरही याच भ्रमात स्वतःची पाठ थोपटून घेऊ शकतात.

याचा अर्थ आयुर्वेदाने या आजाराकडे लक्षच दिले नाही असा नाही. उलट त्याने फार बारकाईने पाहिले. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील अठ्ठाविसाव्या, वातव्याधींच्या अध्यायात ‘अर्दित’, म्हणजे तोंड वाकडे होण्याचा विकार, येतो. सुश्रुताने निदानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात त्याचे वर्णन केले आणि चिकित्सास्थानाच्या पाचव्या अध्यायात उपचार सांगितला. नाकावाटे औषध देणे म्हणजे नस्य, डोक्यावर तेल, तर्पण, नळीने वाफेचा शेक म्हणजे नाडीस्वेद, उपनाहाचे लेप, शिरोबस्ती असे उपचार या दोन ग्रंथांत मिळून येतात. केरळच्या परंपरेत क्षीरबला तेल आणि कार्पासास्थ्यादि तेल, आपल्याकडे महामाष तेल, अणुतेल, महारास्नादी काढा हे सारे या उपचारातले नेहमीचे पदार्थ. जड ओझे डोक्यावर वाहणे, कठीण वस्तू चावणे, वेड्यावाकड्या उशीवर झोपणे अशी कारणेही ग्रंथकारांनी नोंदवली. आज ती सगळी पटणार नाहीत, पण रुग्ण काय करत होता, कसा झोपला होता हे विचारणारी ही नजर आहे, हे त्यांतून दिसते.

मला या ग्रंथांतली सर्वांत मोलाची वाटते ती मात्र औषधांची यादी नव्हे. अर्दित कोणाचा बरा होत नाही, हे सुश्रुत स्पष्ट सांगतो. जो क्षीण झाला आहे, ज्याची पापणी लवत नाही, ज्याचे बोलणे सतत अस्पष्ट आहे, ज्याला कंप आहे, ज्याचा आजार तीन वर्षांचा झाला आहे, तो असाध्य. आपल्या शास्त्राचे अपयश आधीच लिहून ठेवणारा हा वैद्य आहे. पापणी मिटत नाही हे गंभीर लक्षण आहे आणि जुना झालेला लकवा उलटत नाही, ही दोन्ही निरीक्षणे आजचा मज्जातज्ज्ञही मान्य करील. चरकाने सूत्रस्थानात शेकाच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट सांगितली आहे. स्वेदन करताना रुग्णाचे डोळे स्वच्छ कापडाने, कणकेच्या गोळ्याने किंवा कमळाच्या पाकळ्यांनी झाकावेत. ज्याचा डोळा मिटतच नाही त्याच्या चेहऱ्यावर वाफ सोडताना ही सूचना किती मोलाची आहे! दुर्दैवाने आज अर्दितासाठी गल्लोगल्ली शेक देणाऱ्या अनेकांना तेलाचे नाव पाठ असते, ही सूचना नसते.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगितली पाहिजे. ‘अर्दित म्हणजे बेल्स पाल्सी’ असे समीकरण आज सर्रास मांडले जाते. ते बरोबर नाही. चरकाच्या अर्दितात चेहऱ्याबरोबर अर्धे शरीर बाधित झालेला रुग्णही बसतो. म्हणजे त्या एका नावाखाली कानाजवळच्या हाडात दाबलेला तंतूही आहे आणि मेंदूचा रक्तपुरवठा तुटून होणारा पक्षाघातही. प्राचीन वैद्याजवळ मेंदूचे चित्र घेणारे यंत्र नव्हते. त्याने जे दिसले त्यावरून वर्गवारी केली. आपल्याजवळ ते यंत्र आहे, मग आपण ती वर्गवारी जशीच्या तशी चालवण्यात ग्रंथाचा मान राहत नाही. मेंदूच्या आघातात बहुतेकदा कपाळ शाबूत राहते, भुवई वर जाते, कारण चेहऱ्याच्या वरच्या भागाला मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून आज्ञा मिळतात. बेल्स पाल्सीत कपाळही गळते. ही खूण उपयोगी आहे, पण घरी बसून निवाडा करण्यासाठी नाही. हातपाय जड पडणे, बोबडे बोलणे, तोल जाणे यांपैकी काहीही सोबत असेल तर मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्या साडेचार तासांत कोणी डोक्यावर तेल घालत बसले तर त्या रुग्णाचा हात कदाचित आयुष्यभर उचलला जाणार नाही. कानात किंवा कानाभोवती पुरळ उठले असेल तर ती नागीण असते. तिच्यामुळे होणारा लकवा बेल्स पाल्सीपेक्षा अधिक हट्टी असतो आणि त्याला विषाणूवरचे औषध लवकर लागते.

मग निदान बेल्स पाल्सीचे झाले असे धरू. पुढे काय? २००७ मध्ये स्कॉटलंडमध्ये ५५१ रुग्णांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. लक्षणे सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत काहींना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड २५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दहा दिवस दिले. काहींना निरुपद्रवी बनावट गोळी. तीन महिन्यांनी स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ८३ टक्के पूर्ण बरे झाले होते, न घेतलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के. नऊ महिन्यांनी ही संख्या ९४ आणि ८२ टक्क्यांच्या आसपास गेली. विषाणूवरच्या गोळीचा वेगळा फायदा त्या चाचणीत दिसला नाही.

या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे पाहायला हवे. स्टेरॉइड चमत्कार करत नाही. अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर साधारण दहा जणांना ते दिले की एक जण असा निघतो, ज्याचे तोंड एरवी वाकडे राहिले असते. उरलेल्या नऊ जणांना ते दिले नसते तरी फरक पडला नसता. पण तो एक कोण हे आधी कळत नाही. गोळ्या स्वस्त आहेत, दहा दिवसांच्या आहेत, आणि संधी तीन दिवसांची आहे. ‘स्टेरॉइड वाईट’ हा आपल्याकडचा समज वर्षानुवर्षे मनमानी पद्धतीने स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या दुष्परिणामांतून आला आहे. दहा दिवसांच्या मोजलेल्या मात्रेला तो लावू नये. मधुमेहीची साखर या काळात वाढते, तिच्यावर डॉक्टरांची नजर हवी, इतकेच. ज्याला मोठ्या मनाने ‘आधी आयुर्वेद करून पाहू, नाही गुण आला तर डॉक्टर’ असे म्हणावेसे वाटते, त्याने हे जाणावे की या आजारात तो क्रम लागूच पडत नाही. महिन्याने डॉक्टरकडे गेल्यावर स्टेरॉइडची वेळ निघून गेलेली असते.

आयुर्वेदाच्या बाजूने यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. आमची चिकित्सा प्रत्येकाच्या प्रकृतीनुसार बदलते. एकच गोळी सगळ्यांना देणाऱ्या चाचणीच्या चौकटीत ती बसत नाही. म्हणून तिला त्या कसोटीवर घासणे अन्याय आहे, असा तो आक्षेप. अर्ध्या शतकापूर्वी त्यात बळ होते. आज नाही. कोइम्बतूरमध्ये आमवातासारख्या सांधेदुखीवर एक चाचणी झाली, २०११ मध्ये तिचा निष्कर्ष छापून आला. तीत ४३ रुग्ण होते. वैद्यांनी प्रत्येकाला त्याच्या प्रकृतीप्रमाणे औषधे दिली, तरीही कोणाला खरी औषधे मिळत आहेत आणि कोणाला बनावट, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. चाचणी लहान होती, पण प्रकृतीनुसार चिकित्सा आणि काटेकोर तुलना एकत्र नांदू शकतात हे तिने दाखवले.

त्याहून मोठे उदाहरण क्षारसूत्राचे. भगंदरावर औषधी लेप दिलेला दोरा बांधण्याची ही जुनी पद्धत बनारस हिंदू विद्यापीठातल्या वैद्यांनी पुन्हा वापरात आणली. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांमध्ये तिची शस्त्रक्रियेशी तुलना केली आणि १९९१ मध्ये निकाल जाहीर केला. शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के रुग्णांत भगंदर पुन्हा उद्भवला, क्षारसूत्रानंतर ४ टक्के रुग्णांत. जखम भरायला मात्र शस्त्रक्रियेत सुमारे चार आठवडे लागले तर क्षारसूत्रात आठ. गुण आणि उणीव दोन्ही मोजून समोर आले. त्यानंतर क्षारसूत्राला कोणाच्या भावनिक वकिलीची गरज उरली नाही. सर्पगंधेचीही गोष्ट तीच. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरच्या तिच्या परिणामाची नोंद ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापली आणि वैद्यांच्या पिशवीतले एक मूळ जगभरच्या रुग्णालयांत पोचले. आयुर्वेदाचा सन्मान वाढला तो त्याने कसोटी नाकारली तेव्हा नव्हे, कसोटीला उभा राहिला तेव्हा.

अर्दिताच्या बाबतीत असे काम अजून उभे राहिलेले नाही. मासिकांतून जे येते ते बहुतेक एका-दोन रुग्णांचे वृत्तान्त. रुग्णाचे छायाचित्र आधी आणि नंतर, मधे नस्य, अभ्यंग, काढे, आणि शेवटी उत्साही निष्कर्ष. कधी वीस-तीस रुग्णांची मालिका येते आणि ‘ऐंशी टक्के यश’ असे लिहिले जाते. कोपनहेगनचा ७१ टक्क्यांचा आणि स्कॉटलंडमधल्या स्टेरॉइड न घेतलेल्यांचा ८२ टक्क्यांचा आकडा शेजारी ठेवला की या ऐंशी टक्क्यांत औषधाचा वाटा किती, हा प्रश्न विचारावाच लागतो. तुलनेचा गट नसलेल्या अभ्यासाला त्याचे उत्तर देता येत नाही.

हे काम अवघड नाही. मुंबईचे पोदार महाविद्यालय, पुण्याचे टिळक आयुर्वेद महाविद्यालय यांसारख्या संस्थांकडे वैद्य आहेत, विद्यार्थी आहेत, पंचकर्माची सोय आहे. अशा संस्थांनी सर्व रुग्णांना वेळेत स्टेरॉइड मिळेल याची खात्री करून, त्यावर एका गटाला शास्त्रोक्त नस्य, अभ्यंग, स्वेदन द्यावे आणि दुसऱ्याला तितकाच वेळ साधी मालीश. चेहऱ्याच्या हालचालीचे चित्रण करावे आणि कोणाला काय मिळाले हे ठाऊक नसलेल्या तज्ज्ञांनी ते १९८५ पासून प्रचलित असलेल्या हाउस-ब्रॅकमन श्रेणीने मोजावे. याहून महत्त्वाची चाचणी उरलेल्या रुग्णांवर करावी. ज्यांचा तंतू गंभीर दुखावला आहे, त्यांच्यात नवे धागे दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर या गतीने वाढत चेहऱ्यापर्यंत येतात. म्हणून त्यांच्यात पहिली हालचाल तीन-चार महिन्यांनी दिसते, आणि कधी हे धागे चुकीच्या स्नायूला जाऊन मिळतात. मग हसताना डोळा मिटतो, जेवताना डोळ्यातून पाणी येते. आधुनिक वैद्यकाजवळ या अवस्थेवर फारसे समाधानकारक उत्तर नाही. महिनोन्महिने रुग्णाला हात लावणारी, त्याच्यासाठी वेळ काढणारी चिकित्सा आयुर्वेदाजवळ आहे. तिचा उपयोग होतो की नाही हे इथेच कळेल, कारण इथे निसर्गाची मदत कमी असते. सोपे रुग्ण स्वतःच्या नावावर जमा करण्यापेक्षा अवघड रुग्णांवर स्वतःला पारखणे, हे सुश्रुताच्या वारसांना जास्त शोभेल.

तोवर दोन पथ्ये पाळायला हवीत. एक, धातूंची औषधे. एकांगवीर रसासारख्या वातावरच्या कल्पांत पारा आणि शिसे यांची भस्मे असतात. परंपरा त्यांना शुद्ध मानते. पण अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत आंतरजालावर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एक पंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. जो आजार दहांपैकी सात जणांत आपोआप बरा होतो, त्याच्यासाठी शिसे पोटात घालण्याचा धोका पत्करण्याचे कारण नाही. गरोदर स्त्रीला आणि मुलाला तर कदापि नाही. दुसरे पथ्य जाहिरातीचे. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवरील १९५४ च्या कायद्याच्या परिशिष्टात पक्षाघाताचे नाव आहे. तो बरा करण्याची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. तरीही एसटी स्थानकाच्या भिंतीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत ‘लकव्यावर हमखास इलाज’ दिसतो. आयुर्वेदाची बदनामी त्याच्या टीकाकारांपेक्षा या जाहिराती अधिक करतात, आणि वैद्यांच्या संघटनांनी त्यांच्याविरुद्ध सर्वांत आधी तक्रार करायला हवी.

महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत रुग्णाला पहिल्यांदा भेटणारा डॉक्टर बहुतेक वेळा बी.ए.एम.एस. असतो. म्हणून हा सारा वाद खरे तर त्याच्या दवाखान्यात सुटायचा आहे. तोंड वाकडे घेऊन आलेल्या माणसाला त्याने आधी हातपाय उचलायला, बोलायला, भुवया वर करायला सांगावे, कानात डोकावावे, साखर तपासावी. शंका वाटली तर तासाभरात मोठ्या रुग्णालयात पाठवावे. नसेल तर ७२ तासांच्या आत स्टेरॉइडचा निर्णय तज्ज्ञाकडून करून घ्यावा. डोळ्यात दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणीवर चिकटपट्टी हे त्याने स्वतः समजावून सांगावे, कारण या आजारात तोंड वाकडे राहण्यापेक्षा बुबुळाला जखम होऊन दृष्टी जाणे जास्त भयंकर आहे. इतके झाल्यावर हलक्या हाताने तेल लावायला, डोळे झाकून शेक द्यायला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. रुग्णाला त्याने बरे वाटते आणि धीर येतो. फक्त त्यामुळेच तोंड सरळ झाले असे त्याला सांगू नये.

वाचकांना माझे सांगणे एवढेच. घरात कोणाचे तोंड वाकडे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आयुर्वेद त्यानंतर, सोबत, आणि धातूंची औषधे टाळून. कोणी बरे झाल्याची गोष्ट सांगितली तर तिच्यावर विश्वास ठेवा, पण तिच्यातल्या औषधावर लगेच ठेवू नका. आणि आपल्या वैद्यांना आदराने एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडे आलेल्या किती जणांचे तोंड सरळ झाले नाही? जो वैद्य हा आकडा लिहून ठेवतो आणि सांगतो, त्याच्याकडे निर्धास्तपणे जावे.